फ्लाइट कंट्रोलची पुनर्जोडणी आणि ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन : दोन दिवसांच्या प्रशिक्षणवर्गाचा अनुभव

विमानदेखभालीतील मानवी चुकांवरचे उजळणी प्रशिक्षण आम्हा परवानाधारक अभियंत्यांना ठरावीक काळाने घ्यावेच लागते, आणि त्यातले बहुतेक वर्ग सही करून विसरण्याच्या लायकीचे असतात. मुंबईतील एका खासगी संस्थेचा, केवळ फ्लाइट कंट्रोलचे (विमानाची दिशा आणि कल बदलणाऱ्या यंत्रणेचे) भाग काढून पुन्हा बसवताना होणाऱ्या चुकांना वाहिलेला वर्ग मात्र मी अजून विसरू शकलेलो नाही, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

या वर्गाचे खरे बळ म्हणजे तेथील प्रात्यक्षिकाचा सांगाडा. कंट्रोल व्हील, पुली, टर्नबकल (केबलचा ताण कमी-जास्त करणारा जोड), केबल आणि दोन्ही बाजूंचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे, पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) असलेल्या त्या सांगाड्यावर पहिल्या दिवशी दुपारी दोघादोघांच्या जोड्यांनी केबल बसवायची आणि दुसऱ्या जोडीने तिचे ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन, म्हणजे दुसऱ्यांदा स्वतंत्र तपासणी, करायचे, असा क्रम होता. मी तपासणाऱ्या जोडीत होतो. टेन्शनमीटरवरचे केबलच्या ताणाचे माप बरोबर होते, जोड सैल होऊ न देणारी लॉकवायर नीट होती, दोन्ही पृष्ठभाग कोठेही न अडता पूर्ण फिरत होते, म्हणून मी टास्क कार्डावर सही केली. त्यानंतर प्रशिक्षकांनी एकाला व्हीलपाशी बसवले, मला डाव्या एलेरॉनजवळ उभे केले आणि व्हील डावीकडे फिरवल्यावर काय दिसते ते मोठ्याने सांगायला सांगितले. डावा एलेरॉन वर जायला हवा होता. तो खाली गेला. एलेरॉन हलतो की नाही एवढेच मी पाहिले होते, तो कोणत्या दिशेला हलतो हे पाहिलेच नव्हते, आणि चौदा वर्षांच्या नोकरीनंतर हे कळताना मला मनापासून भीती वाटली.

बसवणाऱ्या जोडीचाही दोष नव्हता, कारण त्यांना दिलेली आकृतीच मुद्दाम उलटी छापलेली होती. २६ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात कोलगन एअरचे बीच १९००डी विमान उड्डाणानंतर लगेच समुद्रात कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले, त्या अपघाताची ही उजळणी होती. एलेव्हेटर (विमानाचे नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) संतुलित ठेवणाऱ्या ट्रिमची केबल बदलताना ती उलटी बसली होती, मेंटेनन्स मॅन्युअलमधील ट्रिम ड्रमची (केबल गुंडाळली जाते त्या चाकाची) आकृतीच उलट होती, आणि कामानंतरच्या चाचणीतही चूक पकडली गेली नाही.

दिशेचा हाच प्रश्न ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर १९० विमानापुढे उभा राहिला. अल्व्हेर्का येथे मोठी देखभाल आटोपून निघालेल्या त्या विमानाच्या दोन्ही पंखांतील एलेरॉनच्या केबल चुकीच्या बसल्या होत्या. वैमानिकांनी मोठ्या कष्टाने बेझा येथे तिसऱ्या प्रयत्नात विमान उतरवले आणि सर्व सहा जण वाचले. कॉकपिटमध्ये बसून ‘फुल अँड फ्री’ (कंट्रोल पूर्ण आणि न अडता फिरतात) म्हटल्याने ही चूक कळत नाही, हे २००१ साली फ्रँकफर्टला लुफ्थान्साच्या ए३२० विमानानेही दाखवले होते. तेथे दुरुस्तीत तारांची अदलाबदल झाल्यामुळे कॅप्टनची साइडस्टिक (विमान चालवण्याची बाजूची दांडी) उलट काम करत होती आणि सहवैमानिकाने ताबा घेतल्यामुळेच विमान सावरले.

दुसऱ्या दिवशीची सर्वांत मोलाची चर्चा तपासणाऱ्याच्या स्वतंत्रपणाविषयी झाली. ८ जानेवारी २००३ रोजी शार्लट येथे एअर मिडवेस्टचे विमान कोसळून २१ जण दगावले. विमानाचा भारसमतोलही मर्यादेबाहेर होता, परंतु त्याआधी एलेव्हेटरच्या केबलचे रिगिंग (ताण आणि हालचालीची मर्यादा जुळवणे) करताना काही पायऱ्या गाळल्या गेल्याने नाक खाली आणण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर आली होती. काम करणारा मेकॅनिक या विमानावर ते काम प्रथमच करत होता, आणि त्याला शिकवणारा व त्याचे काम तपासणारा माणूस एकच होता. रात्रपाळीत दुसरा परवानाधारक नसेल तर काय करायचे, असे एका तंत्रज्ञाने विचारले, तेव्हा प्रशिक्षकांनी आढेवेढे न घेता सांगितले की त्या रात्री विमान सोडायचे नाही. मला हे उत्तर पूर्णपणे पटते, जरी ते हँगरमध्ये प्रत्यक्ष द्यायला किती जड जाते हे मी जाणतो.

प्रशिक्षक गरजेप्रमाणे मराठीत आणि हिंदीत बोलत होते, त्यामुळे एरवी इंग्रजी वर्गात गप्प बसणारे तंत्रज्ञही बोलते झाले. पुस्तिका मात्र केवळ इंग्रजीत आहे.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दुसऱ्या दिवशीची सकाळ थकवा, ताण, विसराळूपणा यांवरच्या सर्वसाधारण स्लाइडमध्ये गेली. त्याउलट पाळीबदलाच्या वेळी अर्धवट राहणाऱ्या कामाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. सप्टेंबर १९९१ मध्ये टेक्सासमधील ईगल लेकजवळ विमान कोसळून १४ जणांचा जीव गेला तो नेमका अशाच कामामुळे. आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेवरचे ४७ स्क्रू एका पाळीने काढले आणि दुसऱ्या पाळीला त्याची कल्पनाच नव्हती. शेवटची परीक्षाही पर्यायी प्रश्नांची असल्याने मी ती सहज उत्तीर्ण झालो, परंतु आदल्या दिवशी सांगाड्यावर मी अनुत्तीर्ण होतो. परीक्षा त्या सांगाड्यावरच व्हायला हवी, असे मी अभिप्रायात लिहून दिले आहे.

माझ्या हँगरमधील सहकाऱ्यांना मी हा वर्ग सुचवला आहे, फक्त रात्रपाळी करून थेट वर्गात बसू नये, कारण सांगाड्यावरचे काम पहिल्याच दुपारी असते.