लॅक्टिक ॲसिड सीरम: चांगलंय, पण हावरटपणा नको

५ टक्क्यांचं लॅक्टिक सीरम दोन महिने झाले वापरतेय. आधी ग्लायकोलिक ॲसिडचं होतं, त्याचा रेणू लहान, पटकन आत शिरतं आणि मला जाम चरचरायचं, हे त्यामानाने सौम्य आहे. पहिल्या आठवड्यात माती मीच खाल्ली, रोज रात्री लावलं आणि वरून रेटिनॉल (व्हिटॅमिन ए प्रकारातलं), मग काय गाल लालबुंद, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी आग आग. दोन आठवडे सगळं बंद. आता आठवड्यातून दोनदाच, रेटिनॉल वेगळ्या रात्री, आणि खडबडीतपणा खरंच कमी झालाय. ब्लॅकहेड्सना ढिम्म फरक नाही, तिथे तेलात विरघळणारं सॅलिसिलिक ॲसिडच बरं. सनस्क्रीनचा कंटाळा असेल तर घेऊच नका, एएचएने (म्हणजे लॅक्टिक, ग्लायकोलिक या गटातल्या ॲसिडांनी) त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, वापर थांबवल्यावरही आठवडाभर जपावं लागतं. ड्रॉपर मात्र फालतू, गळतो.