कयाक की धबधबा? मुलं बरोबर असताना काय निवडावं

सुट्टीचा एकच दिवस आणि घरात दोन तट. निम्म्यांना कयाक (वल्ह्याने चालणारी अरुंद, छोटी होडी) वल्हवायचीय, निम्म्यांना धबधब्यापर्यंत चालत जायचंय. मजा कशात जास्त यावर वाद घालत बसू नका, दोन्हीकडे आहे. मी आधी एकच विचारते: मधेच कुणी ‘आता पुरे’ म्हणालं तर परत फिरणं किती सोपं?

धबधब्याच्या वाटेवर तोंड वळवलं की झालं. फार तर धाकट्याला खांद्यावर घ्यावं लागेल. पाण्यावर मात्र वाऱ्याला विचारावं लागतं. वारा किनाऱ्याकडून पाण्याकडे वाहत असेल तर जाताना वल्हं नुसतं टेकवलं तरी कयाक पळते आणि सगळे खूश असतात. परतताना तोच वारा समोरून येतो, तेव्हा हात भरून आलेले असतात आणि पुढे बसलेलं पोर वल्हं मांडीवर ठेवून रडकुंडीला आलेलं असतं. म्हणून निघतानाच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जावं, म्हणजे परतीला तो पाठीशी राहतो. आणि सकाळी लवकर निघावं, मोठ्या तलावांवर आणि किनाऱ्यालगत वारा बहुधा दुपारी वाढतो.

मुलांच्या बाजूने पाहिलं तर कयाक पहिल्या मिनिटाला जिंकते. बसल्याक्षणी खेळ सुरू. धबधब्याचं बक्षीस शेवटी मिळतं, तोवर ‘अजून किती लांब?’ ऐकत चालायचं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशोब आजही वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण तो धडधाकट मोठ्यांचा हिशोब आहे. मुलं बरोबर असतील तर त्याच्या दुप्पट वेळ धरा. दर दगड उचलून बघायचा असतो, त्याला इलाज नाही. उलट कयाकमध्ये तासभर एका जागी बसणं हीच शिक्षा. अन् शू लागली की काय करायचं, हा प्रश्न कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

कयाक ठरली तर नवख्या कुटुंबाने आत न शिरता वर उघड्यावर बसायची, दोघांची कयाक घ्यावी. ती उलटली तरी माणूस आत अडकत नाही आणि पाण्यातून पुन्हा वर चढणं सोपं जातं. लाइफ जॅकेट मुलाच्या वजनाप्रमाणे निवडायचं, ‘वाढत्या अंगाचं’ अजिबात नको. पट्टे आवळल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढून बघा. हनुवटी-कानांपर्यंत सरकलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. पोहता येतं म्हणून ते काढून ठेवणाऱ्या मोठ्यांशी माझं पटत नाही. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो आणि त्या क्षणी नाकातोंडात पाणी जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हे चुकत नाही.

धबधब्याकडे जाणं म्हणजे नुसतं चालणं, असं समजून लोक बिनधास्त असतात. मला उलट तिथेच जास्त धास्ती वाटते, कारण पोचल्यावर सगळे सैल पडतात. शेवाळलेला खडक, फोटोसाठी कड्याच्या टोकाला जाणं, वरून सुटणारे दगड. धार पडते तिथल्या पाण्यात हवा मिसळून ते फेसाळलेलं असतं, त्यात माणूस नेहमीसारखा तरंगत नाही आणि खालचा प्रवाह आत ओढतो. तेव्हा ऐन धारेखालच्या डोहात मुलांना सोडू नये. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला पाऊस पडलेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला, की सामान गोळा करत न बसता उंचावर जायचं.

खर्चाचं सरळ आहे: चालायला चांगले बूट पुरतात, कयाक बहुधा भाड्याने घ्यावी लागते. आजी-आजोबांचे गुडघे उतारावर बोलतात, खांदे वल्हवताना. जे दुखतं त्यावरून ठरवा. ढग गडगडले तर मात्र कयाकवाल्यांनी लगेच किनारा गाठावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरू नये.

पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर माझं मत छोट्या वाटेच्या धबधब्याला. आठ-दहाच्या पुढची, पाण्याला न बिचकणारी असतील तर कयाक, शांत पाण्यात आणि किनाऱ्याला धरून. दोन्ही एकाच दिवशी करायचा हट्ट असेल तर सकाळी कयाक, नंतर तासाभराची चाल, आणि मध्ये कोरडे मोजे. ओल्या मोज्यांनी चढायला लागलात तर अर्ध्या वाटेत टाचेला फोड येतो आणि पुढचं सगळं एकाच्या कुरकुरीवर चालतं.