कालवडच पाहिजे म्हणून मागवलेली कांडी

इस्लामपूरजवळ आमचा पाच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंचा गोठा. गेल्या साली दोन गोऱ्हे झाले. 2015 च्या गोवंश हत्याबंदीपासून गोऱ्हा विकत कोण घेतंय? रात्री कुणाच्या उसात सोडून येणारेही बघितलेत. ते जमणार नाही, म्हणून यंदा सेक्स सॉर्टेड कांडी, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची गोठवलेली नळी, भरवली.

कृत्रिम रेतनाला येणारा पोरगा हुशार. नायट्रोजनच्या टाक्यातनं कांडी काढून 37 अंशाच्या पाण्यात घड्याळ लावून धरली. नर-मादी ओळखतात कसं, विचारलं. म्हणाला, "काकी, मादी होणाऱ्या शुक्राणूत डीएनए चारेक टक्के जास्त असतो, मशीन तेवढ्यावर निवडतं." दहात नऊ कालवडी. पण कांडीत शुक्राणू नेहमीपेक्षा फार कमी, त्यामुळं वेळ अचूक साधावी लागते. नेमका इथंच घोळ! गाय माजावर आली म्हणून सकाळी फोन केला, हा उगवला दुसऱ्या दिवशी दुपारी. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिलीच नाही, पैसे गेले. दुसऱ्या खेपेला वेळेत आला. लक्ष्मी आता तीन महिन्यांची गाभण. या सेवेला तीन स्टार.

सासूबाई म्हणाल्या, "माणसात असं केलं तर जेल." मी गर्भलिंग निदानबंदीचा 1994 चा कायदा सांगितला, तिथं मुली नकोत म्हणून चाललं होतं, इथं गोऱ्ह्याचे हाल वाचतात. त्यांना पटलं नाही. मलाही सगळं पटलंय असं नाही.