नोकरी सोडून संस्थेत जावं की नोकरी राखून? नागपूरकरांसमोरच्या तीन वाटा

मिहानमध्ये, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात आठ-दहा वर्षं काढलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: सगळं सोडून सामाजिक संस्थेत काम करायला गेलो तर? नागपुरात हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. बाबा आमट्यांचं आनंदवन इथून शंभरेक किलोमीटरवर, सेवाग्राम त्याहून जवळ, तर गडचिरोलीजवळचं बंग दाम्पत्याचं शोधग्राम सकाळी निघून दुपारी गाठता येतं. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलमधून पुढे आणणारी, विजय बारसे यांनी 2001 मध्ये सुरू केलेली स्लम सॉकर तर याच शहरातली.

मी संस्थांच्या हिशेब-अहवालाच्या कामात असते, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं हा प्रश्न बघते. वाटा मुख्यतः तीन. नोकरी सोडून पूर्णवेळ बिनपगारी काम, नोकरी राखून सुट्टीच्या दिवशी काम, किंवा संस्थेतच कमी पगाराची रीतसर नोकरी. मुदत न ठरवता बिनपगारी जाणं ही तिघींतली सर्वांत अवघड वाट आहे, आणि भारावलेला माणूस नेमकी तीच आधी निवडतो.

पैशाचं आधी बोलू

पगार थांबणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. त्याच्यासोबत काय काय जातं याचा हिशेब मात्र राहून जातो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कर्मचाऱ्यांचा एकत्रित आरोग्य विमा. त्यात आई-बाबा असतील, त्यांना बीपी-शुगर असेल, तर नव्यानं घेतलेल्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून नोटीस पिरियड चालू असतानाच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याबद्दल चौकशी करा आणि अर्ज द्या. शेवटच्या दिवसानंतर हे काम फार जड जातं.

दुसरी गोष्ट तारखांची. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, साधारणपणे सलग 5 वर्षांची नोकरी लागते आणि पीएफसोबतच्या पेन्शन योजनेतून मासिक पेन्शन हवी असेल तर 10 वर्षांची. ग्रॅच्युइटी ज्यावर धरतात तो पगार महिना 45 हजार असेल आणि 6 वर्षं झाली असतील, तर सुमारे 1 लाख 55 हजार रुपये हातात येतात. संस्थेत साधं राहणाऱ्या माणसाचे यात कित्येक महिने निघतात. तुमची साडेचार किंवा सव्वानऊ वर्षं झाली असतील, तर थोडं थांबा. सेवा पळून जात नाही.

तिसऱ्या वाटेवर पगार निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो, पण पायाखाली जमीन राहते. 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला पीएफ लागू होतो. छोट्या संस्थेत तो नसतो, हे आधी विचारून घ्यावं. विचारायला लाजू नका, चांगल्या संस्थेला याचा राग येत नाही. नागपूरची जमेची बाजू अशी की अनेकांचं घर वडिलोपार्जित असतं, घरभाड्याचा आकडा पुण्या-मुंबईसारखा नसतो. घराचा हप्ता चालू असेल तर मात्र दुसरी वाट सोडून बाकीच्या दोन्हींचा विचार घरातल्यांना शेजारी बसवून, वही काढूनच करावा.

संस्थेच्या हाती काय पडतं

या प्रश्नावर लोक सर्वांत कमी विचार करतात. एका वस्तीतला रविवारचा अभ्यासवर्ग घ्या. सकाळी नऊला मुलं समाजमंदिराच्या ओट्यावर दप्तर घेऊन बसलेली असतात. शिकवायला येणाऱ्या दादाचा व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, आज जमत नाही. वर्ग सांभाळणारी ताई मुलांना चित्रं काढायला बसवते. पुढच्या रविवारी मुलं कमी येतात, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी कमी. दादा वाईट नाही, पण मुलांचा विश्वास गेला तो गेलाच. दुसऱ्या वाटेचा हा खरा धोका आहे. चार रविवार कबूल करून दोन पाळण्यापेक्षा दोन कबूल करून दोन्ही पाळणारा माणूस संस्थेला हवा असतो.

पूर्णवेळ आलेल्याची अडचण वेगळी. पहिल्या महिन्यात त्याला काय काम द्यावं हेच संस्थेला कळत नाही. तो वस्तीत फिरतो, फोटो काढतो, सूचना करतो. वर्षानुवर्षं तिथे काम करणाऱ्या ताईला त्या सूचना टोचतात. अशा वेळी ज्याच्याकडे ठरलेलं काम असतं तोच टिकतो.

आणि कामं भरपूर आहेत, फक्त ती फोटोत दिसणारी नाहीत. कंपनी कायदा 2013 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना गेल्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावी लागते. हा पैसा आला की पाठोपाठ तो कुठे खर्च झाला याचं विनियोग प्रमाणपत्र, तिमाही अहवाल, लाभार्थ्यांच्या याद्या येतात. 80जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेला देणगीदारांची माहिती 10बीडी फॉर्ममध्ये 31 मेपर्यंत भरावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडे लेखापरीक्षण आणि विश्वस्त बदलले की बदल अहवाल. ऐन मे महिन्यात, कूलरसमोर, पॅन नंबर नसलेल्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन देणगीदारांना एकेक फोन लावणारी कार्यकर्ती मी दरवर्षी बघते. एक्सेल नीट येणारा माणूस तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळी बसला, तरी तिला दुपारी वस्तीत जायला वेळ मिळतो. त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

मग सोडावी कशासाठी? जे काम रोज, वर्षानुवर्षं, त्याच गावात राहूनच होतं त्यासाठी. शोधग्राममधल्या बंग दाम्पत्याच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत नवजात बाळांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं, प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवली, शेजारच्या गावांशी तुलना केली. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा नवजात मृत्युदरात 60 टक्क्यांहून जास्त घट दिसली. पुढे आशाताईंमार्फत हीच पद्धत देशभर गेली. याच्या मुळाशी करुणेइतकीच काटेकोर नोंद आहे. कंपनीत डेटा हाताळलेल्या माणसाला इथे खरं स्थान आहे, पण ते सुट्टीच्या दिवशी जाऊन मिळत नाही.

वेळ कधीची

एप्रिल-मेमध्ये बोनस हातात पडला की राजीनामे दिले जातात. शिक्षणाच्या कामात जायचं असेल तर ही वेळ चुकीची. विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, मे महिन्यात वस्त्यांमध्ये सकाळी दहानंतर कोणी भेटत नाही. जूनमध्ये रुजू व्हा.

परत यायचं झालं तर

आयटीत दोन वर्षांचा खंड समजावून सांगता येतो, पाचांचा कठीण जातो. उत्पादन, अकाउंट्स किंवा एचआरमध्ये थोडी सवलत मिळते. संस्थेत काय उभं केलं ते आकड्यांत लिहून ठेवलं असेल, तर मुलाखतीत उपयोगी पडतं.

तिशीच्या आतबाहेर असाल तर मुदतीची फेलोशिप हा मला सर्वांत पटणारा मार्ग. एसबीआय यूथ फॉर इंडिया 13 महिन्यांची, मानधनासह आहे; तिला वयाची अट आहे. शोधग्रामशी जोडलेला 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम 2006 पासून चालू आहे. चाळिशी ओलांडली असेल, मुलं शिकत असतील, तर आधी सहा महिने नोकरी राखून एकाच संस्थेत नियमित जा आणि मग तिथेच पगारी जागा मागा. पूर्णवेळ बिनपगारी जायचं ते घर फिटलेलं, आई-बाबांचा विमा वेगळा आणि दोन वर्षांचा खर्च बाजूला असेल तरच.

कुठल्याही वाटेनं गेलात तरी पहिल्या आठवड्यात संस्थेशी एक पान लिहून घ्या: काम कोणतं, किती महिने, कोणाला विचारून करायचं, आणि प्रवासखर्च कोण देणार. शेवटचा मुद्दा लोक संकोचानं सोडून देतात आणि तिसऱ्या महिन्यात त्यावरूनच मनं दुखावतात.