युरिया क्रीम: औषध चांगलं, पण 50 ग्रॅमची ट्यूब?

इक्थिओसिस व्हल्गॅरिस (कातडी कोरडी पडून खपल्या धरणारं आनुवंशिक दुखणं) असलेल्यांना क्रीममध्ये काय असतं ते तोंडपाठ असतं, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. गेल्या आठवड्यात मेडिकलवाला म्हणाला, "मोठी बाटली बंद झाली, आता ट्यूबच घ्या." 50 ग्रॅमची!

हिशोब करा. बोटाच्या शेवटच्या पेरावर क्रीमची रेघ ओढली की अर्धा ग्रॅम. एका पायाला अशा सहा, म्हणजे दोन्ही पायांना 6 ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं की 12. ट्यूब चार दिवसांत खलास. सर्वांगाला लावायचं तर एका वेळेलाच 20 ते 30 ग्रॅम लागतं, म्हणजे पगार मेडिकलवाल्याकडेच जमा केलेला बरा. कंपनीला फोन लावला, तर पलीकडच्या ताई विचारतात, "सर, टाचा किती फुटल्यात?"

औषधाचं म्हणाल तर दिवाळीनंतर पुण्याच्या कोरड्या थंडीत सुरू केलं. नडगीवर चिरा होत्या तिथे असं काही झोंबलं, की ट्यूब कचऱ्यात टाकणार होतो. डॉक्टरबाईंनी सांगितलं, चिरा भरेपर्यंत नुसती पेट्रोलियम जेली लावा, युरिया नंतर. तिथून मत पालटलं. संक्रांतीपर्यंत कडा उचललेल्या करड्या खपल्या गेल्या. काळे मोजे उलटे केले की भुसा सांडायचा, तोही थांबला. अण्णांच्या नडग्या जन्मभर तशाच होत्या. ते खोबरेल चोपडायचे आणि "आपल्या घराण्याचे पाय" म्हणून मोकळे व्हायचे.

पण हे बरं होणारं दुखणं नाही. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन त्वचेत ओल धरून ठेवतं. त्याच्या जनुकातच खोट आहे, हे 2006 साली उघड झालं. क्रीम थांबवलं की थोड्याच दिवसांत ये रे माझ्या मागल्या. जन्मभर लावायच्या वस्तूला एवढीशी ट्यूब, राग येतो तो याचाच. (गणपतीत रत्नागिरीला काहीही न लावता पाय मऊ होते. ते श्रेय दमट हवेचं, कंपनीने घेऊ नये.)

सध्या युरिया फक्त गुडघ्याखाली. हातांना, पाठीला ग्लिसरीन-पॅराफिनचं साधं लोशन. आंघोळीनंतर अंग नुसतं टिपून, ओलसर असतानाच लावायचं. क्रीम पसरतंही चांगलं, लागतंही कमी. ट्यूब संपली असं वाटलं की कात्रीने आडवी कापा. आत एका पायापुरता माल चिकटलेला असतोच, आणि तो मी सोडत नाही.

लहान मुलांना सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं मलम मनाने अंगभर चोपडू नका, ते त्वचेतून रक्तात उतरतं. आणि पॅराफिन लेंग्यात, चादरीत मुरतं, धुतलं तरी पुरतं जात नाही. असे कपडे चटकन पेट घेतात, तेव्हा तो लेंगा घालून गॅसपाशी उभे राहू नका.