वर्सोव्यात कॉफी प्या, घर मात्र ठोकून बघा

वर्सोवा मेट्रो स्टेशनच्या नावावर जाऊ नका. ते जेपी रोडवर आहे. तिथून सात बंगला नि आरामनगरला रिक्षाच करा.

आरामनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बैठ्या बराकी. त्यांत आता कास्टिंगची ऑफिसं, तालमीच्या खोल्या आणि कॅफे. इथल्या कॅफेंची खरी कमाई म्हणजे अंगण आणि डोक्यावरचं झाड. दुपारी ऑडिशनवाले एका कॉफीवर तीन तास बसतात, प्लगपॉइंट मिळत नाही. जागा हवी तर सकाळी जा.

कॉफी बरी, पण सगळीकडे सारखी नाही. दुहेरी एस्प्रेसोसाठी साधारण 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी. समुद्राच्या दमट हवेत पूड ओल धरते, म्हणून दळण दिवसातून दोन-तीनदा जुळवावं लागतं. सकाळचंच सेटिंग रात्रीपर्यंत चालवलं की चव बिघडते. जुलैत शंका आली तर कोल्ड ब्रू मागवा. जाड दळून 12 ते 18 तास भिजवलेल्या कॉफीला एवढ्या सेकंदांच्या फरकानं काही होत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे.

घरांची गोष्ट वेगळी. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला 1991 च्या चटईक्षेत्राची (भूखंडावर किती बांधता येईल त्या मर्यादेची) वेसण होती; 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनं ती सैल केली. त्याच वर्षी सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ च्या नव्या निर्देशांत पुनर्विकासासाठी 51 टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरली. त्यामुळे तीन-चार मजली जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडायला निघाल्यात. भाड्यानं घर घेणाऱ्यानं पहिला प्रश्न हाच विचारावा: विकासक नेमला का, आयओडी (पालिकेची सशर्त बांधकाम परवानगी) आली का? घर रिकामं करायची वेळ आली की पर्यायी जागेचं भाडं मालकाला मिळतं, भाडेकरूला नाही. म्हणून अकरा महिन्यांच्या करारात लॉक-इन (करार मोडता न येणारा काळ) दोन्ही बाजूंना लागू आहे ना, आणि मध्येच घर सोडावं लागलं तर डिपॉझिट किती दिवसांत परत, हे लिहून घ्या. करार नोंदवलेलाच हवा. ती जबाबदारी कायद्यानं मालकाची आहे.

बघायला जाताना बाल्कनीचा खालचा भाग आणि बाथरूमचं छत बोटानं ठोका. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजून फुगली असण्याची शक्यता आहे. खाऱ्या वाऱ्यातल्या क्लोराइडचा हा नेहमीचा परिणाम. वरून नवा रंग मारून तो झाकतात, विशेषतः भाडेकरू बदलताना. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तेव्हा अहवाल मागायला लाजू नका. कोळीवाड्याच्या बाजूला घर असेल तर वाळत्या बोंबलांचा वास येणारच. गाव आधीपासून तिथं आहे, तक्रार करू नये.

एसीचं बाहेरचं युनिट समुद्राच्या तोंडावर असेल तर कॉइल लवकर सडते. दुरुस्ती कोणाच्या खिशातून, हे करारातच ठरवा.