२८ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर : १,१४० तासांनंतरचा अभिप्राय

मिरज तालुक्याच्या पूर्व भागात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. दोन ओळींतले अंतर नऊ फूट असले, तरी वाय आकाराच्या मांडवाचे हात आणि त्यावरून लोंबणाऱ्या काड्या धरल्या तर ट्रॅक्टरला प्रत्यक्षात मिळणारी वाट पाच फुटांच्या आतबाहेरच असते. म्हणून २०२२ च्या पाडव्याला आम्ही घरचा जुना ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर काढून टाकला आणि चारही चाकांना जोर असलेला २८ हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. आज त्याच्या मीटरवर १,१४० तास झाले आहेत. कंपनीचे आणि डीलरचे नाव येथे देत नाही, कारण एका ट्रॅक्टरवरून साऱ्या कंपनीला नावे ठेवणे बरोबर नाही. शिवाय पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या आकाराचा कोणताही ट्रॅक्टर घेताना विचारून घ्याव्यात अशाच आहेत.

ट्रॅक्टर सर्वस्वी वाईट आहे असे म्हणता येणार नाही. तो बुटका आहे, सायलेन्सर खालून काढलेला असल्याने फुटव्याला धग लागत नाही, आणि ओळीच्या टोकाला एका दमात वळतो. काळ्या रानात जुना ट्रॅक्टर वाफसा येईपर्यंत बांधावरच उभा राहायचा, तेथे हा दीड दिवस आधी आत जातो. औषध फवारणीच्या दिवसांत या दीड दिवसाची किंमत द्राक्षवाल्याला वेगळी सांगावी लागत नाही, आणि खरे तर याच एका गुणावर भाळून आम्ही तो घेतला.

पहिली निराशा हॉर्सपॉवरची झाली. बॉनेटवर लिहिलेला २८ चा आकडा इंजिनाचा असतो. ब्लोअर (पंख्याने औषध फवारणारे यंत्र) आणि रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार) मात्र पीटीओवर, म्हणजे अवजारांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालतात, आणि तेथपर्यंत पोचेस्तोवर गिअरमध्ये व घर्षणात काही ताकद खर्च झालेली असते. आमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर जेमतेम २४ हॉर्सपॉवर मिळते. त्यातही पीटीओचे ५४० फेरे मिळवायला इंजिन अडीच हजारांच्या आसपास फिरवावे लागते, म्हणजे ते जवळपास पूर्ण वेगानेच चालत असते. जुन्या ट्रॅक्टरचे मोठे इंजिन हेच काम संथ आवाजात करीत असे; याच्यावर तीन तास बसून उतरले की कान वाजत राहतात.

डिझेलबाबत विक्रेत्याने सांगितलेला आकडा ताशी दोन लिटरचा होता. आम्ही टाकी काठोकाठ भरून, चार एकर फवारून, पुन्हा काठोकाठ भरून अनेकदा मोजले, तेव्हा ब्लोअरवर ताशी साडेतीन लिटर आणि रोटाव्हेटरवर त्याहून थोडे अधिक पडले. यात ट्रॅक्टरचा दोष फारसा नाही, सांगणाऱ्याचा आहे. एक लिटर डिझेलपासून पीटीओवर साधारण चार हॉर्सपॉवर तासभर मिळते, हे गणित कोणत्याही चांगल्या डिझेल ट्रॅक्टरला थोड्याफार फरकाने लागू पडते. त्या हिशेबाने दोन लिटरमध्ये आठ हॉर्सपॉवर मिळाली असती, आणि आठ हॉर्सपॉवरवर ब्लोअरचा पंखा नीट फिरतही नाही. हे गणित मला पाडव्याच्या आधी ठाऊक असते, तर त्या माणसाच्या बाकीच्या आकड्यांकडेही मी जरा सावधपणे पाहिले असते.

मागचे अवजार उचलणाऱ्या लिफ्टची गोष्ट याहून फसवी निघाली. पत्रकात उचलण्याची क्षमता ७५० किलो छापली होती. आमचा चारशे लिटरचा ब्लोअर पाण्यासकट सव्वासहाशे किलोच्या घरात जातो, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण तो ७५० चा आकडा लिफ्टच्या खालच्या दोन दांड्यांच्या अगदी टोकाशी मोजलेला होता. चाचणीची दुसरी रीत त्या टोकांपासून ६१० मिलिमीटर मागे वजन धरून मोजण्याची आहे, आणि ती प्रत्यक्ष कामाच्या अधिक जवळची आहे, कारण टाकीचे, पंख्याचे वजन काही दांड्यांच्या टोकावर बसलेले नसते, ते त्यांच्या मागे लटकत असते. भरल्या टाकीने ब्लोअर उचलताना लिफ्ट कण्हते, आणि बांध चढताना पुढची चाके इतकी हलकी होतात की स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर आपल्याच वाटेने जातो. पुढे वजने बसवल्यावर हा त्रास कमी झाला, परंतु ती वजने वेगळे पैसे देऊन घ्यावी लागली. आता आम्ही टाकी तीनशे लिटरच भरतो, म्हणजे दर फवारणीला पाण्याच्या खेपा वाढल्या.

हे सगळे सोसण्यासारखे होते. जे सोसवले नाही ते २०२२ च्या ऑक्टोबरात घडले. त्या वर्षी परतीच्या पावसाने राज्यभर मुक्काम ठोकला होता, आमच्या बागेची फळछाटणी सप्टेंबरच्या अखेरीस झालेली होती आणि फुटी चार-पाच पानांवर होत्या. या अवस्थेत पान ओले राहिले की डाऊनी या रोगाला आमंत्रणच असते. फवारणी सकाळची संध्याकाळवर गेली तरी जीव टांगणीला लागतो. अशा एका सकाळी डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला चिखलात चकाकणारा ओघळ दिसला. बोट लावून पाहिले तर तेल दुधाळ झालेले होते, म्हणजे ते नुसते बाहेर येत नव्हते, पाणीही आत शिरत होते. डीलरकडचा मेकॅनिक दुपारी आला, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “अण्णा, सील गेलंय. बदलायला तासाभराचं काम आहे, पण सील आपल्याकडं नाही.”

ते सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी, पुण्याच्या गोदामातून यायला सात दिवस लागले. ट्रॅक्टर नवा, तास दोनशेच्या आत, वॉरंटी चालू, आणि तो शेडमध्ये जॅकवर उभा. शेजाऱ्यांचे ब्लोअर त्यांच्याच बागांत अडकलेले होते आणि त्यांना दोष देण्याचे कारण नव्हते. आम्ही फवारणीचा जुना एसटीपी पंप बाहेर काढला, तीन माणसे लावली आणि चिखलात पाइप ओढत गनने फवारणी केली. ब्लोअरने तीन तासांत होणारे काम दिवस मावळेपर्यंत चालायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेला की पुन्हा पहिल्यापासून. त्या आठवड्यात उत्तरेकडच्या अर्ध्या एकरातले घड गेले. पाऊस सगळ्यांच्याच बागांवर होता, ट्रॅक्टर चालू असता तरी थोडे नुकसान झालेच असते, हे मी मान्य करतो. पण ते सील हाती आले तेव्हा त्याची किंमत पाचशे रुपयांच्या आत होती. शिवाय ते वॉरंटीत बसत नाही, कारण सील हा झिजणारा भाग आहे, असे पुस्तिकेत छापलेले दाखवण्यात आले. पुस्तिकेत ते खरोखरच छापलेले होते.

तेच सील २०२३ मध्ये पुन्हा गेले आणि २०२५ च्या पावसाळ्यात तिसऱ्यांदा. दर वेळी डीलरचा माणूस नवे सील ठोकून बसवायचा आणि ‘चिखलात चालतो, त्याला इलाज नाही’ असे सांगून जायचा. तिसऱ्या वेळी मी एक्सल उतरवून मिरजेतल्या एका लेथवाल्याकडे नेला. त्या वयस्कर कारागिराने सीलकडे पाहिलेसुद्धा नाही. फडक्याने शाफ्ट पुसला, सीलचे ओठ जेथे घासतात त्या जागेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि माझा हात धरून मलाही फिरवायला लावले. नख अडकत होते. शाफ्टवर केसाएवढी चर पडलेली होती, आणि तिच्यावर कितीही नवे सील बसवले तरी चरीतून तेल झिरपणारच होते. त्याने तेवढ्या जागेवर धातूची पातळ बाही (स्लीव्ह) चढवून दिली. त्यानंतर दोनशेच्या वर तास झाले, डावी बाजू कोरडी आहे. कंपनीच्या प्रशिक्षित मेकॅनिकला तीन वर्षांत जे दिसले नाही ते नखाला दिसले, याचे मला अजूनही नवल वाटते. सील कशानेही जाऊ शकते. ते पुन्हा पुन्हा का जाते हे पाहण्याची सवयच सर्व्हिस सेंटरमध्ये नसावी, ही माझी या ट्रॅक्टरविषयीची सर्वांत मोठी तक्रार आहे.

एका बाबतीत मात्र अर्धी चूक आमची आहे. पुढचे टायर सहाशे तासांतच गुळगुळीत झाले. अशा ट्रॅक्टरची पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतील अशी गिअरची रचना असते. चिखलात हा फरक चाक घसरून जिरतो, पण डांबरावर त्याला जिरायला जागा नसते, मग तो टायर खातो आणि गिअरवर ताण आणतो. घरापासून मळा तीन किलोमीटर आहे आणि आम्ही वर्षभर पुढच्या चाकांचा जोर न काढताच रस्त्याने जात होतो. हे चालकाच्या पुस्तिकेत आहे. आम्ही वाचले नाही. मात्र ट्रॅक्टर ताब्यात देताना हार, पेढे आणि फोटो यांत तासभर गेला, त्यातली दोन मिनिटे पुढच्या चाकांचा जोर काढण्याच्या दांडीसाठी कोणी दिली असती तर बरे झाले असते.

घेण्यापूर्वी काय पाहायला हवे होते, तेही सांगतो. मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर-चाचणी संस्था आहे. पीटीओवर मिळणारी खरी ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची क्षमता हे सगळे तिच्या अहवालांत मोजून दिलेले असते. पत्रकाऐवजी तो अहवाल मागावा. डीलरकडे नसेल तर त्याने मागवून द्यावा. पण तालुक्याच्या गावात सील शिल्लक आहे की नाही, हे तो अहवाल सांगू शकत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याने या दोन्ही गोष्टी फार पूर्वी एकत्र बांधल्या होत्या. तेथील क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने ‘फोर्ड’ या नावाला भुलून एक ट्रॅक्टर घेतला. त्याचा हेन्री फोर्ड यांच्याशी काहीही संबंध नव्हता आणि तो कामालाही निकामी निघाला. पुढे हा शेतकरी विधिमंडळात गेला आणि १९१९ मध्ये तेथे कायदा झाला, की राज्यात विकायच्या ट्रॅक्टरची आधी विद्यापीठात चाचणी व्हावी आणि कंपनीने सुटे भागही राज्यात पुरेसे ठेवावेत. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याचे दुसरे कलम मला पहिल्यापेक्षा मोलाचे वाटते.

भागांअभावी चांगल्या यंत्राचीही काय गत होते, ते आमच्या गल्लीतच पाहायला मिळते. शेजारच्या काकांकडे एचएमटीचा जुना ट्रॅक्टर आहे. पिंजोरचा तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. काकांचे इंजिन आजही एका झटक्यात चालू होते, पण एखादा भाग लागला की ते भंगाराच्या बाजारात दोन दोन दिवस हिंडतात. आमच्या ट्रॅक्टरची कंपनी मात्र जोरात चालू आहे, दर महिन्याला नवे मॉडेल काढते, आणि तरीही सीलसाठी सात दिवस लागतात. काका यावर काही बोलत नाहीत, नुसते हसतात.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार केला होता. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या यंत्राला ‘व्यापारी वापर’ म्हणून डावलता येत नाही. मात्र मुदत दोन वर्षांची आहे. आमच्याकडे पहिल्या दुरुस्तीचे जॉब कार्डच नव्हते, मेकॅनिकने वहीच्या पानावर लिहून दिले होते. दर दुरुस्तीचे छापील जॉब कार्ड, त्यावर मीटरचे तास आणि तारीख, हे तेव्हापासून मी मागून घेतो.

गेल्या दिवाळीत बदलून टाकण्यासाठी चौकशी केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवे स्वस्त झाले आणि जुन्याचा भाव आणखी पडला. आम्हाला मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी रक्कम सांगण्यात आली, आणि सांगणारा तोच डीलर होता ज्याने पाडव्याला ‘या ट्रॅक्टरला रिसेल सोन्यासारखी आहे’ असे छातीठोकपणे सांगितले होते. मी ट्रॅक्टर परत घरी आणला.

तर अभिप्राय असा, की दोन-तीन एकर बाग, जवळ चांगला लेथवाला आणि अडीअडचणीला दुसरा ब्लोअर मिळण्याची खात्री असेल, त्याने हा वर्ग जरूर पाहावा. चार एकरांवर, एकट्या ट्रॅक्टरच्या भरवशावर, मी तो पुन्हा घेणार नाही. गेल्या आठवड्यापासून उजव्या पुढच्या चाकाखाली द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा अंथरून ठेवला आहे, आणि सकाळी त्यावर रुपयाएवढा डाग दिसू लागला आहे. या वेळी दोन सीले आणि एक बाही आधीच आणून कपाटात ठेवली आहे. लेथवाल्याने रविवारी यायला सांगितले आहे.